हिरामणभाऊंचं ‘आज न्हाय’

हिरामणभाऊ म्हात्रे यांच्याकडे कुणीही तक्रार घेऊन गेलं तरी ते आधी सेकंद विचारतात. त्यांच्या पुतण्याचं नुकतंच लग्न झालं होतं. तो बिचारा एकदा त्यांच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, “काका, बायको फार भडकते.” दुसऱ्या कुणी त्याची समजूत घातली असती, निदान चहा तरी विचारला असता. हिरामणभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला.

“किती भडकते ते नको सांगू. किती येलानं भडकते ते सांग.”

पुतण्या म्हणाला, महिन्यातून एकदाच, पण घर डोक्यावर घेते.

“मंग तुला काय मरण हाय? ती मोठी लाट, पन लांबची. होरी चढते, उतरते, कोनाला काय होत न्हाय. तुजी काकी बग. आवाज एवडासा, पन दर चार सेकंदाला.”

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. हिरामणभाऊंनी शांतपणे मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“उंची नको, सेकंद सांग,” हे त्यांचं पालुपद आहे. समुद्राच्या अंदाजात लाट किती उंच आहे ते लिहिलेलं असतं, आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात, एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते तेही लिहिलेलं असतं. तुम्ही आम्ही पहिला आकडा वाचून गप्प बसतो. हिरामणभाऊ दुसऱ्यापासून सुरुवात करतात. एक मीटरची लाट बारा सेकंदांनी आली तर छोटी होडी तिच्यावर आरामात डोलते. अर्ध्या मीटरची लाट चार सेकंदांनी आली तर तीच होडी आपटत आपटत जाते आणि आत बसलेल्या माणसाची हाडं खिळखिळी करते. एवढी साधी गोष्ट, पण ती लोकांच्या गळी उतरवण्यात त्यांचं निवृत्तीनंतरचं आयुष्य चाललं आहे.

ते भाईंदरजवळच्या मोरव्याचे, आगरी. आजोबांची भातशेती होती, मिठागरं होती. स्वतः हिरामणभाऊंनी मात्र भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात उभी हयात पॉलिश करण्यात काढली. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या लोकांनी घराला टाइल्स लावल्या, देवदर्शनाच्या सहली काढल्या. यांनी सोळा फुटांची फायबरची होडी घेतली आणि तिला छोटं इंजिन बसवलं. “म्हात्रे कोळी झाला,” म्हणून गाव हसलं. थोरल्या मुलाला बोट लागते आणि धाकट्याला नेमकी रविवारीच झोप लागते, त्यामुळे दोघांपैकी कुणीही त्या होडीत पाय ठेवलेला नाही. होडीवर देवीचं नाव रंगवलेलं आहे, पण गावात तिला कुणी त्या नावानं ओळखत नाही. सगळे तिला ‘आज न्हाय’ म्हणतात.

त्याला कारण आहे. पहाटे साडेचारला उठून हिरामणभाऊ मोबाइलवर तीन ठिकाणचे अंदाज वाचतात. भिंतीवरच्या पंचांगात तिथी बघतात. अंगणात उदबत्ती लावून धूर कुठं जातो ते बघतात. हे सगळं वहीत लिहितात. मग धक्क्यावर जाऊन वीस मिनिटं पाण्याकडे टक लावून बसतात, आणि दहातून आठ वेळा उठून म्हणतात, “आज न्हाय.” आणि घरी येऊन कांदेपोहे खातात.

माझी त्यांची ओळख भाईंदर पश्चिमेच्या धक्क्यावरच झाली. मी मूळचा रत्नागिरीकडचा, राहतो मिरा रोडला, पूनम सागरमध्ये, चौथ्या मजल्यावर. रविवारी गळ घेऊन धक्क्यावर बसायचा मला नाद आहे. रत्नागिरीचा माणूस हातात गळ धरून बसला की त्याला वाटतं, समुद्र आपल्या मामाचा आहे. मलाही वाटायचं. एकदा मी मोबाइल पुढे करून त्यांना ऐटीत म्हणालो, “भाऊ, आज फर्स्ट क्लास आहे. लाट पॉइंट सहा, वारा बारा.”

“बारा काय? अंडी?”

माझ्या मोबाइलवर किलोमीटर होते आणि ते मोजत होते नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे तासाला जवळजवळ दोन किलोमीटर, हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी माझी शिकवणीच घेतली. ती लाट पॉइंट सहा लिहिलीय, ती मोठ्या लाटांची सरासरी. “सरासरीनं कोन बुडत न्हाय, रत्नागिरी. त्याच्या दुप्पट एखादी मागून येते, तिच्याशी गाठ हाय.” मला ते पहिल्या दिवसापासून ‘रत्नागिरी’ म्हणतात. माझं नाव त्यांना माहीत आहे की नाही याची मला अजून खात्री नाही.

ओहोटीला ते सुकती म्हणतात. सुकतीचं पाणी खाडीतून पश्चिमेला निघतं आणि दुपारचा वारा पश्चिमेकडून आत येतो. दोघं खाडीच्या तोंडाशी समोरासमोर आले की पाणी उभं राहतं. “मोरव्याच्या गल्लीत दोन रिक्षा आमनेसामने आल्यावर काय होतं? कोन मागं जातो? तसंच.” म्हणून अंदाजात नुसता वारा वाचून चालत नाही. वारा कुठून, पाणी कुठं, आणि त्या वेळी घड्याळात किती वाजले असतील, हे तिन्ही एका ओळीत मांडायचं. मी मान डोलावली. डोक्यात किती शिरलं ते पुढे कळलंच.

आता अप्पांबद्दल सांगायला हवं. अप्पा म्हणजे माझे वडील. वय एक्याऐंशी. तरुणपणी गावच्या खाडीत त्यांची शिडाची होडी होती. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. गेल्या वर्षी ते बाथरूममध्ये पडले आणि पाठीचा एक मणका दबला. ऑपरेशनचं वय नाही, डॉक्टर म्हणाले, जपा, धक्का बसू देऊ नका. तेव्हापासून त्यांना सलग झोप लागत नाही. तासभर डोळा लागतो, कूस बदलली की कळ येते, मग भिंतीला उशी लावून बसतात. कधी काही मागत नाहीत. थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी मात्र म्हणाले, “एकदा मला पाण्यावर नेऊन बसव रे. पावसाच्या आत. पुढल्या वर्षाचं कोण सांगतो.”

मी हिरामणभाऊंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला पाठ फिरवायला लावली आणि अंगठ्यानं दाबत विचारलं, “कुठला मनका? ह्यो? का ह्याच्या खालचा?” मी दाखवला. त्यांनी तो वहीत लिहून घेतला, निदान मला तरी तसं दिसलं. मग म्हणाले, “दिवस मी सांगनार. घाई करायची न्हाय.”

मी कबूल झालो.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला व्हॉइस मेसेज यायला लागला. “आज न्हाय. चार सेकंद.” “आज न्हाय. वारा सकालीच फिरल.” “आज न्हाय. उधान हाय, पानी लई पलतंय.” अप्पा पाच वाजताच उठून तयार बसायचे. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, डोक्याला टोपी, हातात काठी. मेसेज ऐकला की ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, “बरोबर आहे त्याचं.” मला ते बघवायचं नाही.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. काठीच्या जागी वॉकर आला. सुजाता, माझी बायको, पहिले काही दिवस हसायची, “आली का तुमची वेधशाळा?” मग तिचंही हसणं बंद झालं. मार्च लागला. उन्हाळ्यात वारे चढतात, मे महिन्यात होड्या ओढून वर घेतात, हे मलाही माहीत होतं. मी हिरामणभाऊंना फोन केला की ते म्हणायचे, “मला म्हाईत हाय रे.” आणि फोन ठेवायचे.

अशात एका शनिवारी ‘आज न्हाय’ ऐकून मी अकराच्या सुमाराला काही कामानं धक्क्याजवळ गेलो, तर समोरून हिरामणभाऊंची होडी आत येताना दिसली. एकटेच होते. गुडघ्यापर्यंत भिजलेले. तळाशी चार-दोन मासे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“भाऊ, आज नाही म्हणालात ना?”

“व्हय.”

“मग तुम्ही कसे गेलात?”

“त्यो दिवस माजा व्हता,” ते म्हणाले आणि होडीतलं पाणी उपसायला लागले. “बाबांचा न्हाय.”

मी बरंच बोललो. म्हातारा माणूस पहाटे पाचपासून टोपी घालून बसतो आणि तुम्ही इथं मजा मारताय, असंही बोललो. ते मान खाली घालून पाणी उपसत राहिले. नंतर आठ दिवस त्यांचे मेसेज येत होते आणि मी ते उघडत नव्हतो. अप्पा विचारायचे, “काय म्हणतो म्हात्रे?” मी सांगायचो, “नाही म्हणतोय.” पुढे ते मेसेज ऐकले तेव्हा ते रोज खरंच निघालं.

मग मी ठरवलं, गेले उडत. अंदाज मलाही वाचता येतो. रविवारी लाट पॉइंट पाच होती. पॉइंट पाच म्हणजे गुडघ्याएवढी. धक्क्यावरच्या दुसऱ्या एका होडीवाल्याशी बोललो, तो तयार झाला, फक्त म्हणाला की साडेनऊला निघू, आधी जमणार नाही. मला काय, साडेनऊ तर साडेनऊ. शेजाऱ्यांच्या मदतीनं अप्पांना खुर्चीत बसवून खाली आणलं. रिक्षावाला भला माणूस होता. “अंकल को आराम से बिठाओ,” म्हणाला आणि मिरा रोडपासून भाईंदरपर्यंत एकही खड्डा न चुकवता चालवल्याबद्दल दर दोन मिनिटांनी माफी मागत राहिला. अप्पा डोळे मिटून, दात आवळून बसले होते. पण टोपी नीट होती.

धक्क्यावर हिरामणभाऊ होते. ते असणारच, रोजच असतात. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ रिक्षापाशी आले, वाकून अप्पांना नमस्कार केला. दोघांची ती पहिली भेट.

“बाबा, मी म्हात्रे. आज दशमी हाय.”

अप्पांनी डोळे उघडले. “दशमी. म्हणजे साडेसातला भरती.” तिथी पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती. हा हिशोब अप्पांनी मला लहानपणी शिकवला होता आणि मी तो विसरलो होतो.

“व्हय. आता दीड तास झाला सुकती निगालीय. वारा वायव्येचा, आतमंदी येतोय. चार सेकंद.”

अप्पांनी एकदा पाण्याकडे पाहिलं. लांब, खाडीच्या तोंडाच्या बाजूला, पांढरं पांढरं दिसत होतं. मी ते केव्हाचं बघत होतो आणि मला ते छान वाटत होतं.

“घरी चल,” अप्पा मला म्हणाले.

“अप्पा, एवढं आलोय...”

“तो सांगतोय ना. चल.”

परत जाताना मी ओशाळून बसलो होतो. अप्पांची पाठ दुखत होती, तरी ते मधूनच स्वतःशी हसत होते. मिरा रोडच्या सिग्नलला म्हणाले, “शहाणा माणूस आहे हां तुझा म्हात्रे.” इथं आल्यापासून त्यांनी कुणाला शहाणा म्हटल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळी मी मोरव्याला गेलो. क्षमा मागायची होती. हिरामणभाऊ घरी नव्हते, वहिनी होत्या. पाणी दिलं, बसा म्हणाल्या. मी सकाळचा प्रकार सांगायला लागलो तर त्यांनी मला मधेच थांबवलं.

“तुमच्या बाबांच्या पायी माजी कलशी गेली,” त्या म्हणाल्या.

मला काही कळेना.

“अवो, स्टीलची कलशी. गल्यापर्यंत पानी भरतो आनि होरीत घेऊन जातो. मधल्या फलीच्या पुडं ठेवतो, बाबा बसनार तितं. मी म्हटलं, येवडं पानी कोनाला पाजतो, माशांना? तर म्हनतो, बाबांची पाट हाय ती. किती सांडतं ते बगायचं.”

त्यांनी भिंतीच्या फळीवरची वही काढून माझ्या हातात दिली. प्रत्येक पानावर लाट, सेकंद, वारा, तिथी, आणि शेवटी एक रकाना. पॉइंट सात, पाच सेकंद, दीड पेला सांडलं. न्हाय. पॉइंट चार, चार सेकंद, अर्धी कलशी. न्हाय. एक मीटर, बारा सेकंद, वारा पडलेला, कायपन सांडलं न्हाय, पन खाडीच्या तोंडाशी होरी एकदा उसलली. न्हाय. मी ज्या शनिवारी त्यांना वाटेल ते बोललो होतो, तेही पान होतं. एक पेला सांडलं होतं. एका पेल्यासाठी न्हाय. माझ्या बोलण्याचा त्या पानावर कुठं उल्लेख नव्हता.

“मला सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“त्यात काय सांगायचं, म्हनतो.”

मला फार लाज वाटली. ती वही मी परत फळीवर ठेवली आणि हिरामणभाऊ यायच्या आतच निघालो. क्षमा मागायची राहिली ती राहिलीच. त्यांना ती नकोच होती, असं मला आता वाटतं.

त्यानंतर दहा दिवसांनी, एका पंचमीला, साडेपाचला मेसेज आला. मी उघडला. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग, “आज हाय. सावकाश आना.”

अप्पांना मधल्या फळीच्या पुढे, तळाशी, दोन गोधड्या आणि एक गादी घालून बसवलं. पंचमीची भरती पावणेचारला होऊन गेलेली. सुकती आम्हाला हळूहळू बाहेर नेत होती आणि पहाटेचा जमिनीवरचा वारा पाठीमागून येत होता. पाणी आणि वारा एकाच वाटेनं चालले होते, त्यामुळे कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं. लाटेची उंची किती होती ते मी विचारलं नाही. सेकंद मी स्वतः मोजले. अकरा आले. हिरामणभाऊंनी मासेमारीचं काहीही सामान घेतलं नव्हतं. इंजिन इतकं हळू होतं की धक्क्यावरून निघालेला एक कावळा आमच्या पुढे जाऊन परत आला.

खाडीच्या तोंडाशी, उजवीकडे वसईचा किल्ला दिसायला लागल्यावर, अप्पांनी हात बाहेर काढून पाण्यात बुडवला आणि ओठाला लावला. मग त्यांनी आणि हिरामणभाऊंनी बराच वेळ शिडं, दोऱ्या आणि जुने वारे यांबद्दल गप्पा मारल्या. मला त्यातलं निम्मं कळलं नाही आणि मला कुणी समजावूनही सांगितलं नाही. शिंगाळा माशाच्या काट्यावरून दोघांचा वादसुद्धा झाला.

दहाच्या पुढे पाणी फिरलं. भरती आत यायला लागली आणि आम्हीही वळलो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की गप्पा थांबल्या आहेत. अप्पांची मान गोधडीवर कलली होती, तोंड थोडं उघडं होतं. ते झोपले होते. घरी उशीला टेकून तासभर डोळा लागणारा माणूस उघड्या होडीत घोरत होता.

हिरामणभाऊंनी इंजिन बंद केलं. आता होडीला फक्त भरती नेत होती. सूर्य वर आला होता आणि ऊन अप्पांच्या तोंडावर पडत होतं. हिरामणभाऊ उठले आणि दोन पाय फाकून असे उभे राहिले की त्यांची सावली अप्पांच्या चेहऱ्यावर पडावी. होडी जरा वळली की तेही जरा सरकायचे. असे ते तासभर उभे होते. मी म्हणालो, मी उभा राहतो. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

मग अगदी हळू, मला म्हणाले की पाण्याला, कोण जाणे, “माज्या होरीत कोन झोपलं न्हाय आजवर. माजी पोरं बी न्हाय.”

मी अप्पांची घसरलेली टोपी हळूच सरळ केली.

साडेबाराच्या सुमाराला धक्का आला. मी दोर घेऊन उठलो. त्यांनी मला खाली बसायची खूण केली. दोर बांधला की होडी हिसका खाते. ते टोकाशी जाऊन गुडघ्यांवर बसले, धक्क्याला लटकवलेला टायर दोन्ही हातांनी धरला आणि होडी भिंतीला लागू न देता तशीच धरून ठेवली.

“उठवू का अप्पांना?” मी विचारलं.

“झोपू दे,” हिरामणभाऊ म्हणाले. “भरती अजून तीन तास हाय.”